शिफारस क्रमांक एक

कोल्हापुरात कायद्यावर संशोधन करणाऱ्याला विषय शोधावा लागत नाही. पायात बघावं तर चप्पल. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही एकट्या कोल्हापूरला नव्हे, तर महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. नाव आमचं आणि सातबाऱ्यावर हिस्सेदार आठ. पुढं २०२५ च्या जूनमध्ये तसलीच चप्पल मिलानला प्राडाच्या मॉडेलच्या पायात दिसली, कोल्हापूरचं नाव मात्र कुठं दिसलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून चप्पल लाईनीत गिऱ्हाइकाला पायाचा नंबर विचारायच्या आधी बौद्धिक संपदा कायदा ऐकवायला सुरुवात झाली. त्यातून उसंत मिळते न मिळते तोच नांदणी मठाची महादेवी हत्तीण कोर्टाच्या आदेशानं गुजरातेत वनताराला गेली. हजारो माणसं पायी चालत कलेक्टर कचेरीवर आली. हत्तिणीचे हक्क मोठे की मठाची परंपरा मोठी, यावर त्या आठवड्यात चहाच्या प्रत्येक गाड्यावर एकेक प्रबंध तोंडी लिहून झाला. पावसाळ्यात बघावं तर पूर, पुराबरोबर अलमट्टी, आणि अलमट्टीबरोबर कृष्णा पाणीतंटा लवाद. दक्षिणेला बघावं तर बेळगाव. सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात दाखल झाला २००४ साली. त्या वर्षी जन्मलेली पोरं आता लॉ कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहेत, आणि 'हाच विषय घ्या' म्हणून सांगणारे त्यांनाही भेटतात.

तेव्हा अडचण विषयाची नसते. अडचण ही असते की प्रत्येक विषयाचा अंतिम निकाल गावात आधीच लागलेला असतो. संशोधकानं फक्त सही करायची.

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वकीलसाहेबांनी पीएच.डी. करायची ठरवली तेव्हा ते पंचेचाळिशीत होते. का करायची, याची उत्तरं त्यांच्याकडं ऐकणाऱ्यागणिक वेगळी होती. पक्षकारांना ते सांगायचे, अभ्यासानं युक्तिवादाला धार येते. बार रूममध्ये सांगायचे, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतोय, पुढंमागं उपयोग होईल. (सनद चालू असलेल्या वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो, असा बार कौन्सिलचा १९७९ चा नियम आहे. साहेब तो न विचारता सांगायचे, कारण 'कोर्ट सोडलं की काय?' हा प्रश्न त्यांना फार झोंबायचा.) वहिनींना मात्र त्यांनी काहीच कारण सांगितलं नाही. वहिनींनीही विचारलं नाही. त्यांनी फक्त पाहुण्यांच्या खोलीतली कॉट भिंतीला सरकवली आणि तिथं टेबल लावून दिलं. बायकोनं इतक्या सहज परवानगी दिली म्हणजे नक्की काय, हा संशय साहेबांना पुढं बरेच महिने छळत होता.

पहिला विचार अर्थात शाहू महाराजांच्या कायद्यांचा. कोल्हापुरातल्या कुठल्याही चांगल्या कामाची सुरुवात तिथूनच होते. १९१७ ला सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा, त्याच वर्षी विधवा पुनर्विवाहाचा, १९१८ ला कुलकर्णी वतनं बंद, १९१९ ला आंतरजातीय विवाहाला मान्यता, त्याच वर्षी बायकांच्या छळाविरुद्ध कायदा, आणि १९२० ला देवदासी प्रथेविरुद्ध. साहेबांनी यादी करून भिंतीला चिकटवली आणि तिच्याकडं बघून ते खचले. महाराजांना एवढे सगळे कायदे करायला लागली तीन वर्षं. आजच्या नियमाप्रमाणं त्यांतल्या एकाच कायद्यावर प्रबंध लिहायला कमीत कमी लागतात तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, आणि वर दोन वर्षांची मुदतवाढ. शिवाय दप्तराचा बराच भाग मोडीत. साहेबांनी मोडीचा वर्गही लावला. त्यात त्यांना आपल्याच पणजोबांनी केलेलं एक गहाणखत वाचता आलं, आणि भाऊबंदांत नवा दावा उभा राहील अशी चिन्हं दिसू लागल्यावर आईनं तो वर्ग बंद करायला लावला.

मग गाईड. बाहेरच्यांना वाटतं, विद्यार्थी गाईड निवडतो. प्रत्यक्षात यूजीसीच्या २०२२ च्या नियमानुसार प्रोफेसरकडं एका वेळी आठ विद्यार्थी, असोसिएट प्रोफेसरकडं सहा आणि असिस्टंटकडं चार, एवढ्याच जागा. त्यामुळं 'सरांकडं जागा आहे का?' हा प्रश्न आधी, आणि सरांचा विषय कोणता, हा नंतर. कुणाचा तरी व्हायव्हा झाला की त्याचं अभिनंदन करायला जी गर्दी होते, तिच्यातले निम्मे रिकाम्या झालेल्या जागेवर रुमाल टाकायला आलेले असतात. साहेबांना एका सरांकडं जागा मिळाली. पहिल्या भेटीचा वृत्तांत त्यांनी मला त्याच संध्याकाळी जिन्यात सांगितला.

"विषय काय घेताय?"

"खंडपीठ, सर."

"कुठलं?"

"कोल्हापूरचं."

"ते आहे कुठं?"

"नाही, म्हणून तर विषय आहे, सर."

सरांना हे उत्तर आवडलं म्हणतात. ज्या गोष्टीचा अभ्यास करायचा ती गोष्टच नसली की वाङ्मयाचा आढावा लहान होतो.

आता हा विषय कोल्हापूरबाहेरच्यांना समजावून सांगायला हवा. मुंबई उच्च न्यायालयाची खंडपीठं नागपूर, औरंगाबाद आणि पणजीला. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या माणसाला अपिलासाठी तेव्हा मुंबई गाठणं भाग. कोल्हापूरहून ते अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या घरात. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, कुठंतरी तोंड धुवायचं, दिवसभर बोर्डाकडं बघत थांबायचं, संध्याकाळी कळायचं की आपला नंबर आला नाही, आणि पुन्हा त्याच महालक्ष्मीनं परत. शेताच्या बांधाच्या भांडणात बांधाच्या किमतीहून तिकिटाचे पैसे जास्त झालेली कुटुंबं आमच्याकडं आहेत, आणि त्यांना त्याचा पश्चात्तापही नाही, कारण प्रश्न बांधाचा नव्हताच कधी. तर खंडपीठ कोल्हापूरला व्हावं म्हणून वकिलांनी कित्येक दशकं आंदोलनं केली. मोर्चे झाले, उपोषणं झाली, कामकाजावर बहिष्कार झाले. घटनात्मक बाजू अशी की १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याचं कलम ५१ यासाठी दोन दारं ठेवतं. ५१(२) खाली राष्ट्रपती कायमचं खंडपीठ स्थापन करतात. ५१(३) खाली मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीनं दुसऱ्या एखाद्या ठिकाणी न्यायाधीश बसवू शकतात. औरंगाबादला १९८१ साली याच मागच्या दारानं प्रवेश झाला. त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत वाद गेला, तो १९८२ साली सरकारच्या बाजूनं सुटला, आणि १९८४ मध्ये तिथलं खंडपीठ कायम झालं. साहेबांना औरंगाबादचा हा इतिहास तारखांसकट पाठ होता. लग्नाची तारीख विचारली तर त्यांना आधी वहिनींकडं बघावं लागे.

प्रबंधाचं नाव ठरवायला एक पावसाळा गेला. कायद्याच्या प्रबंधाला 'विशेष संदर्भ' लागतोच. साहेबांनी विशेष संदर्भ म्हणून सहा जिल्हे घातले, 'घटनात्मक' घातलं, 'सामाजिक' घातलं, 'चिकित्सक अभ्यास' घातलं. शेवटी ते नाव एका दमात वाचून दाखवता येईना, तेव्हा ते संमत झालं. प्रकरणं सात. पहिलं प्रस्तावना, शेवटचं निष्कर्ष आणि शिफारशी. आणि गंमत बघा, सातही प्रकरणांतलं सगळ्यांत आधी लिहून झालं ते सातवं. त्यातली शिफारस क्रमांक एक अशी: मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापूर येथे विनाविलंब सुरू करण्यात यावे. तिथं कसं पोहोचायचं, हे उरलेल्या सहा प्रकरणांनी बघायचं होतं. कोल्हापुरी संशोधनाची ही रीतच आहे. इथं गृहीतक तपासून बघत नाहीत, त्याला पाठिंबा देतात.

वहिनींना धीर द्यायला म्हणून साहेबांनी एकदा महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचं उदाहरण काढलं. काणे मुंबई हायकोर्टातले वकील, एम.ए., एलएल.एम. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाचं संपादन करताना त्यांना वाटलं, सुरुवातीला धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडावी. ती प्रस्तावना वाढत गेली. तिचा पहिला खंड १९३० ला निघाला आणि पाचवा पुरा झाला १९६२ ला. साडेसहा हजारांच्या आसपास पानं झाली, आणि १९६३ ला भारतरत्न मिळालं. शिवाय माणूस मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, म्हणजे मागणीच्या नकाशाप्रमाणं आमच्याच खंडपीठाच्या हद्दीतला. हे सगळं वहिनींनी भाकरी थापता थापता ऐकलं आणि एवढंच विचारलं, "आणि तुमचं कुठलं चाललंय म्हणायचं? प्रस्तावनाच ना?"

काण्यांच्या मानगुटीवर यूजीसी नव्हती, हे साहेबांचं उत्तर कायद्याला धरून होतं, पण ते त्यांनी मला जिन्यात सांगितलं, वहिनींना नाही.

आणखी एक गृहस्थ या प्रवासात आमच्या इमारतीत वस्तीला आले ते केशवानंद भारती. केरळातल्या एडनीर मठाचे हे स्वामी. मठाच्या जमिनीसाठी कोर्टात गेले. १९७३ साली तेरा न्यायमूर्तींपुढं ६८ दिवस चाललेल्या सुनावणीचा निकाल सात विरुद्ध सहा असा लागला, आणि संसदेला घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही हा सिद्धांत देशाला मिळाला. मठाच्या पदरात मात्र फारसं काही पडलं नाही. पण तेव्हापासून भारतातला कायद्याचा एकही प्रबंध त्यांच्याशिवाय पुरा होत नाही. विषय चपलेचा असो, उसाच्या एफआरपीचा असो की हत्तिणीचा, दुसऱ्या प्रकरणात केशवानंद यावेच लागतात. साहेबांनी पहिल्यांदा त्यांना घेतलं नव्हतं. खंडपीठाच्या जागेचा आणि घटनेच्या मूळ चौकटीचा काय संबंध, असं त्यांचं सरळ मन. सरांनी प्रकरण चाळलं, चष्मा काढला आणि विचारलं, "केशवानंद कुठायत?" जेवणावळीत भटजी राहिले तर यजमानाचं जे होतं ते साहेबांचं झालं. दुसऱ्या खेपेला त्यांनी स्वामींना चौदा पानं दिली. न्याय जवळ मिळणं हा कायद्याच्या राज्याचा भाग, कायद्याचं राज्य हा मूळ चौकटीचा भाग, म्हणून कोल्हापूरचं खंडपीठ हा मूळ चौकटीचा भाग. हा युक्तिवाद बार रूममध्ये वाचून दाखवल्यावर टाळ्या पडल्या. सर म्हणाले, "तळटीप कुठाय?"

मग आली प्रश्नावली. कायद्याच्या संशोधनाचे दोन पंथ आहेत. डॉक्ट्रिनलवाले ग्रंथालयात बसून निकाल वाचतात. नॉन-डॉक्ट्रिनलवाले उन्हात हिंडून माणसांना प्रश्न विचारतात. साहेबांना दोन्ही करायचं होतं. मराठी प्रश्नावलीचं शुद्धलेखन बघायचं काम माझ्याकडं आलं आणि तिच्याबरोबर हिंडायचंही. प्रत्येक विधानापुढं पाच चौकोन होते: पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. अमेरिकेतल्या रेन्सिस लिकर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९३२ साली ही मोजपट्टी काढली. तो कधी शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघायला आला नसावा. आमच्याकडं पाटाकडीलचा माणूस असतो किंवा समोरच्या टीमचा. मधल्या चौकोनात बसणाऱ्याला तिथं पायरी मिळत नाही. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर, कसबा बावड्याला कोर्टाच्या आवारात, मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात आम्ही कागद वाटत फिरलो, आणि 'तटस्थ' हा चौकोन शेवटपर्यंत कोरा राहिला. एका पैलवानानं तर "ह्यो कशाला ठेवलाय?" म्हणून तो पेनानं गिरवून बंदच करून टाकला.

'पूर्ण सहमत'चा ढीग इतका झाला की संख्याशास्त्राचे मास्तर बिथरले. असा निकाल लागत नसतो, काहीतरी गडबड आहे, म्हणाले. प्रबंध वाचवला तो चंदगडकडच्या एका म्हाताऱ्या पक्षकारानं. त्यानं सगळ्या विधानांपुढं 'पूर्ण असहमत'वर खूण केली. साहेबांना वाटलं, चौकोन चुकला. त्यांनी अदबीनं विचारलं.

"बाबा, खंडपीठ इथं झालं तर तुमचा खर्च वाचेल की नाही?"

"वाचंल की."

"मग असहमत का?"

"आवो, भावकीचा दावा हाय म्हणून मी जल्मात मुंबई बघितली. समुद्र बघितला. बेंच हितं आलं तर आमच्या घरचं मला मुंबईला कशाला सोडतील?"

साहेबांनी ते शब्द जसेच्या तसे पाचव्या प्रकरणात घातले. सरांनी संपूर्ण प्रबंधात फक्त त्या परिच्छेदाखाली 'छान' असा शेरा दिला आहे.

पण वकिलाची खरी परीक्षा पुढं होती, वाङ्मयचौर्याच्या तपासणीत. इथं मला साहेबांची मनापासून कीव आली, कारण या माणसाचं सगळं आयुष्य दुसऱ्यानं आधी म्हटलेलं पुन्हा म्हणण्यात गेलेलं. कोर्टात तुम्ही म्हणालात की 'मायलॉर्ड, हे माझं स्वतःचं मत आहे', तर समोरचा वकील हसतो. 'हे मी म्हणत नाही, सुप्रीम कोर्ट म्हणतं' म्हणालात, तर न्यायाधीश पेन उचलतात. पूर्वी कुणी म्हटलेलं असणं हीच तिथं ताकद. अर्जाचा मसुदा जितका जुना तितका भरवशाचा. साहेबांच्या कपाटात त्यांच्या सिनियरच्या सिनियरनं केलेला मनाई हुकमाच्या अर्जाचा नमुना आहे. त्यात फक्त नावं आणि चतुःसीमा बदलायच्या. तीन पिढ्या त्यावर जगल्या. आणि संशोधनात नेमकं उलटं. पूर्वी कुणी म्हटलेलं असलं की गुन्हा.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमानं त्याच्या पायऱ्याही बांधून दिल्यात, आणि कोल्हापूरकराला त्या पटकन समजतात, कारण राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजत आम्ही मोठे झालो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. इथं साम्य १० टक्क्यांपर्यंत पात्रात. १० च्या वर गेलं की दुरुस्ती करून सहा महिन्यांत पुन्हा आणायचं. ४० च्या वर गेलं की वर्षभर बाहेर. ६० ओलांडलं की नोंदणीच रद्द, म्हणजे गाव सोडायचं. साहेबांचा पहिला अहवाल आला तेव्हा मी नेहमीच्या सवयीनं विचारलं, "किती फूट?"

"सत्तेचाळीस," ते म्हणाले आणि पायरीवर बसले.

चोरी कसली होती? कलम ५१ चा मजकूर. आता कलम ते कलम, ते स्वतःच्या शब्दांत कसं लिहिणार? नियमात कायद्याचा मजकूर वगळायची तरतूद आहे, सलग १४ शब्दांपर्यंतचा योगायोगही माफ आहे. पण सॉफ्टवेअरला नियम कुणी वाचून दाखवलेला नसतो. शिवाय साहेबांना चौदा शब्दांत थांबायची सवय नाही. कोर्टाच्या कुठल्याही अर्जात 'वर नमूद केलेल्या कामी अर्जदारातर्फे विनंती अर्ज ऐसा जे की' म्हणेपर्यंतच नऊ-दहा शब्द होतात, आणि अजून काहीच म्हणून झालेलं नसतं. रात्री वरच्या मजल्यावर दिवा जळत राहायचा. न्यायमूर्तींनी एका वाक्यात म्हटलेलं साहेब स्वतःच्या चार वाक्यांत लिहीत बसायचे. पाणी हळूहळू ओसरलं. भाषाही ओसरली, पण ती मोजायची पट्टी कुणाकडं नाही.

त्यांच्याबरोबर कोर्स वर्क केलेल्या एका बाईंवर तर याहून वाईट वेळ आली. त्यांचा विषय भारतीय दंडविधान. १८६० पासून न हललेला कायदा, ५११ कलमं. याहून स्थिर विषय कुठला मिळणार, या हिशेबानं घेतलेला. १ जुलै २०२४ ला तो कायदा गेला आणि ३५८ कलमांची भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ झालं १०३, फसवणुकीचं ४२० झालं ३१८. बाईंनी टायपिंगवाल्याला सांगितलं, ३०२ दिसेल तिथं १०३ कर. त्यानं इमानानं केलं. प्रबंधाचं पान ३०२ सुद्धा १०३ झालं. ज्या निकालांचा पत्ता पान ३०२ होता ते निकाल भलत्याच खटल्यांत जाऊन बसले, आणि प्रश्नावलीतल्या एका उत्तरदात्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर आला. एवढं करून १ जुलैच्या आधीच्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागू, म्हणून जुने आकडेही ठेवायचेच होते. साहेब या बाईंची गोष्ट फार सहानुभूतीनं सांगायचे. सहानुभूतीत थोडं समाधानही असायचं. आपला विषय कसा सुरक्षित! चाळीस वर्षांत जे झालं नाही ते आता दोन-तीन वर्षांत कुठं होतंय?

१ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. दुपारी फटाक्यांचा आवाज आला. मला वाटलं निवडणूक, पण निवडणूक नव्हती. गच्चीवर गेलो तर गुलाल उडताना दिसला. कोल्हापूरला सर्किट बेंचची अधिसूचना निघाली होती, त्याच ५१(३) च्या दारानं. १८ ऑगस्टपासून कामकाज. बार रूममध्ये पेढे, चौकात साखर, वकील एकमेकांना उचलून घेत होते. काळे कोट गुलाबी झाले होते. मी वकीलसाहेबांना शुभेच्छा द्यायला वर गेलो. ते टेबलाशी बसले होते आणि समोर सातवं प्रकरण उघडं होतं. शिफारस क्रमांक एक: विनाविलंब सुरू करण्यात यावे.

"झालं की हो," मी म्हणालो.

"पुढच्या महिन्यात सबमिट करणार होतो," ते म्हणाले.

आनंद नव्हता असं नाही. आंदोलनात पोलीस गाडीत बसलेला माणूस तो. डोळे भरलेले होते. पण ते दोन्ही कारणांनी भरले होते, आणि कुठल्या कारणानं किती, हे लिकर्टलाही मोजता आलं नसतं. वहिनींनी पेढा आणून हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "जगात असा प्रबंध झाला असेल का हो, वाचायच्या आधीच सरकारनं अमलात आणलेला?" हा दृष्टिकोन साहेबांना सुचलाच नव्हता. ते जरा सावरले. रविवारी, १७ तारखेला, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं, तेव्हा साहेब नवा कोट घालून गेले. दुसऱ्या दिवशी सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत बेंच बसलं. साहेबांचं एक मॅटर पहिल्याच आठवड्यात बोर्डावर आलं, आणि महालक्ष्मीनं न जाता हायकोर्टात उभं राहायची सवय नसल्यामुळं ते घरून सकाळी सहालाच निघाले.

सरांनी मात्र त्यांना फार दिवस शोक करू दिला नाही. त्यांनी प्रबंधाच्या नावातला एक शब्द खोडला, दोन वाढवले आणि नाव बदलण्याचा अर्ज समितीपुढं ठेवायला सांगितला. 'सर्किट बेंचकडून कायमस्वरूपी खंडपीठाकडे'. आता ५१(३) वर नाही, ५१(२) वर लिहायचं. 'मागणी आहे' हे 'मागणी होती' करायचं. औरंगाबादचं प्रकरण, जे आधी तळटिपेत होतं, ते वर घ्यायचं. केशवानंद जागेवरच राहतील. आणि शिफारस क्रमांक एक अशी: कोल्हापूरचे खंडपीठ विनाविलंब कायम करण्यात यावे.

'विनाविलंब' हा शब्द टाईप करताना साहेबांचा हात थांबला, हे मी स्वतः पाहिलं. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. औरंगाबादला सर्किटचं कायम व्हायला १९८१ ते १९८४ अशी तीन वर्षं लागली. त्या मापानं कोल्हापूरचं २०२८ ला होईल. त्यांची नोंदणी २०२२ ची, म्हणजे सहा वर्षंही २०२८ लाच संपतात. पण मुख्य न्यायमूर्तींना घाई झाली तर? दिल्लीत कुणाला तरी कोल्हापूरचा पुळका आला तर? शेंडा पार्कातल्या खंडपीठाच्या जागेची बातमी पेपरात आली की गावाला बरं वाटतं. साहेब ती कात्री घेऊन कापतात, तारीख लिहून फाईलला लावतात आणि उरलेला दिवस कुणाशी बोलत नाहीत.

परवा वकिलांची बैठक होती. कायमस्वरूपी खंडपीठासाठी आता जोराचा रेटा लावायचा, असा ठराव मांडला गेला. सगळ्यांनी हात वर केले. साहेबांनीही केला, पण कोपरापर्यंतच. अध्यक्षांनी नजर टाकली, तसे ते उठले आणि म्हणाले, "रेटा लावायलाच पाहिजे. माझा पूर्ण पाठिंबा आहे. माझं म्हणणं एवढंच, टप्प्याटप्प्यानं लावू."

"किती टप्पे म्हणताय, वकीलसाहेब?"

"सात," ते म्हणाले. "चार टाईप झालेत."